शास्त्रीय कारणे द्या

शाळेच्या विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असे: शास्त्रीय कारणे द्या, कोणतीही तीन. उन्हाळ्यात माठातले पाणी थंड राहते. पावसाळ्यात लाकडी दारे घट्ट बसतात. विजा चमकताना झाडाखाली थांबू नये. हा प्रश्न मी आधी सोडवला, मग मास्तरीण होऊन वर्षानुवर्षं लाल पेनानं तपासला. त्यात पैकीच्या पैकी मिळवायची मला सवय होती. आयुष्यात एकदाच शून्य मिळालं. ते माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं दिलं, आणि तेव्हा ते मला मुळीच पटलं नाही.

आमच्या मानवतच्या घरात हा प्रश्न पेपरापुरता नव्हता. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि घरी आल्यावरही शिकवतच राहायचे. दूध उतू गेलं की आई पातेल्याकडे धावायची आणि अण्णा आमच्याकडे वळायचे, ‘‘कारण?’’ आठवडी बाजाराच्या दिवशी ते कधीकधी चौकात उभे राहून नारळ पेटवून दाखवायचे. शेंडीत आधीच जांभळे खडे दडवलेले असायचे, वरून पाणी म्हणून ग्लिसरीन शिंपडायचं. धूर निघायचा, जाळ व्हायचा, मग अण्णा त्यामागचं गुपित फोडायचे. लोक टाळ्या वाजवायचे आणि पिशवीतला आपला नारळ घेऊन देवळाकडेच जायचे. अण्णा चिडायचे नाहीत. कुणी नवस फळला म्हणून पेढे आणले की पेढा खायचे आणि म्हणायचे, ‘‘कावळा बसायला आन फांदी मोडायला.’’

मी त्यांच्यावर गेले. मला रागसुद्धा कारणासकट यायचा. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि निराळी. ती बारा वर्षांची असताना तिला महिनाभर ताप आला, सांधे सुजले, आणि परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप दुबळी झाली आहे, जपा. अण्णांनी पाटीवर हृदय काढून तिला समजावलं: रक्त इकडून येतं, झडप अशी मिटते, तुझी नीट मिटत नाही. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘पण माझीच का?’’

अण्णांनी खडू खाली ठेवला. ‘‘हा प्रश्न शास्त्राचा न्हाई,’’ ते म्हणाले.

‘‘मग कुणाचा हाय?’’

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, देवाचा. अण्णा हसले आणि पाटी पुसून टाकली. मी सहा वर्षांची होते, पण ती पाटी मला आठवते, कारण अक्का हसली नव्हती. तो प्रश्न कुणाचा आहे हे शोधायला ती त्याच दिवशी निघाली, असं आता मला वाटतं.

पुढे ती नर्सिंग शिकायला एका मिशनच्या दवाखान्यात गेली. अठ्ठ्याहत्तरात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वस्त्या जळाल्या, तेव्हा ती तिथं नवखी होती. भाजलेली माणसं बैलगाडीतून यायची. एक म्हातारी परिचारिका होती, ती त्यांच्या हातांवरच्या पट्ट्या सोडवताना गुणगुणायची, असं अक्का सांगायची. ‘‘कुणी जाळलं, का जाळलं, काय न्हाई. ती आधी नाव विचारायची, नावानं हाक मारायची, मग पट्टी.’’ मी म्हणाले होते, त्यात काय मोठं. पट्टी महत्त्वाची. जंतुसंसर्ग पट्टीनं थांबतो, हाकेनं नाही.

ऐंशीच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण लागलं तेव्हा ती सुट्टीवर घरी होती. भर दुपारी सगळ्या गावानं दारं लावून घेतली. आईनं पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकली आणि आत जाऊन बसली. अण्णांनी आम्हा दोघींना अंगणात उभं केलं, पोस्टकार्डाला टाचणीनं भोक पाडलं आणि भिंतीवर सूर्याची कोर पाडून दाखवली. मग त्यांनी आम्हाला कडुलिंबाच्या झाडाखाली नेलं. एरवी तिथं पानांमधून गोल कवडसे पडायचे. त्या दुपारी सगळे कवडसे कोरीसारखे झाले होते, जमीनभर, हजारोंनी. चिमण्या झाडावर परतल्या, ऊन राखेच्या रंगाचं झालं. अक्कानं हात पुढे केला, तर तिच्या तळव्यावर चार-पाच कोरी पडल्या. ती रडायला लागली. अण्णा खूश झाले. ‘‘बघ, शास्त्र कळायलंय पोरीला,’’ ते मला म्हणाले.

संध्याकाळी भांडी घासताना तिनं मला विचारलं, ‘‘तुला भ्या वाटलं का?’’

‘‘कशाचं? चंद्राची सावली हाय ती.’’

‘‘ते मलाबी ठाव हाय गं. ठाव असून मला वाटलं, कुणीतरी अंधार करून आपल्याला हाक मारायलंय.’’

त्यानंतर चार वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतल्याचं घरी सांगितलं. तेव्हा ती झरीच्या पलीकडे एका खेड्यात, मिशनच्या छोट्या दवाखान्यात काम करत होती. अण्णा आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘‘देवळात जाऊ नये म्हणून तुला वाढवलं. ते काय चर्चमधी जाण्यासाठी?’’

‘‘तुमीच म्हणला होता, हा प्रश्न शास्त्राचा न्हाई,’’ अक्का म्हणाली. ‘‘मग ज्याचा हाय त्याच्याकडं गेले.’’

अण्णा तिच्याशी बोलायचे थांबले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातले ते होते. ती दिवाळीला दोन दिवस यायची, तेव्हा ते पेडगावच्या शेतावर जाऊन राहायचे. नातेवाइकांनी विचारलं तर सांगायचे, ‘‘नुसतं कागदोपत्री हाय. नोकरीसाठी करावं लागतं.’’ जन्मभर कारणं देणाऱ्या माणसानं दिलेलं हे एकच खोटं कारण, आणि ते अक्काला सगळ्यात जास्त लागलं. धर्म सोडला म्हटल्यावर तिनं जणू जातही खाली नेली, असं आमच्या गोतावळ्यात धरलं गेलं. चुलत्यामामांनी तिच्या हातचं पाणी बंद केलं. आईनं तिच्यासाठी एक कपबशी वेगळी ठेवली, निळ्या फुलांची. अक्का चहा प्यायची, आपली कपबशी आपण विसळायची आणि खिडकीत पालथी घालायची. अण्णांनी ती खिडकीतली कपबशी वर्षानुवर्षं पाहिली. ‘‘कारण?’’ असं त्यांनी कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

मी तिच्याशी बोलायचे, पण माझं बोलणं म्हणजे चेष्टा. तिच्या लोकांचा असा विश्वास होता की शेवटचे दिवस जवळ आले आहेत. आकाशात चिन्हं दिसतील, पृथ्वी हादरेल, आणि मग जे विश्वासणारे आहेत ते एका क्षणात उचलले जातील, ढगांत, प्रभूला भेटायला. ‘उचलले जातील’ हाच त्यांचा शब्द. आमच्याकडे तो शब्द ऐकला की भलतंच डोळ्यांपुढे यायचं. नामांतराचे मोर्चे, बंद, दगडफेक यांची ती वर्षं. रोज कुणीतरी सांगायचं, त्याला उचललं, याला उचललं, म्हणजे पोलिसांनी धरून नेलं.

एका दिवाळीला आम्ही दोघी जात्यावर हरभऱ्याची डाळ दळत होतो. आईला गिरणीतलं भरड पीठ चालायचं नाही. खुंट्याला दोघींचे हात होते. अक्का म्हणाली, ‘‘आमच्या पुस्तकात हाय, शेवटच्या दिवशी दोन बाया अशाच दळत असतील. एक नेली जाईल, एक मागं राहील.’’

‘‘पोलिसांनी उचलली असंल,’’ मी म्हणाले.

अक्का इतकी हसली की तिला दम लागला. ती जात्याला टेकून बसली, छातीवर हात ठेवून. मला वाटलं हसण्यानं दम लागला. ती स्वतः परिचारिका होती, तिला नीट माहीत होतं कशानं लागला ते. तिनं सांगितलं नाही.

दम खाऊन झाल्यावर ती म्हणाली, ‘‘लोकांला वाटतं, चमत्कार दिसला की सगळे विश्वास ठेवतील. तसं न्हाई. त्या दिवसांत चमत्कार कमी पडायचे न्हाईत, आन कारणंबी कमी पडायची न्हाईत. तुझ्यासारख्या मास्तरणी असतील की.’’

‘‘मग त्यात वाईट काय? कारण खरं असलं तर?’’

‘‘वाईट काय न्हाई. ग्रहणाचं कारण खरंच हाय. पण तू लिंबाखाली होतीस का कारणात होतीस, ते मला अजून कळलं न्हाई.’’

पुढच्या महिन्यात तिचं एक जाड पाकीट आलं. आत फुलस्केप कागदावर तिच्या वळणदार अक्षरात प्रश्नपत्रिका होती. वर लिहिलं होतं, ‘विषय: शेवटचे दिवस. वेळ: प्रभू येईपर्यंत. सूचना: सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे. परीक्षार्थी अविश्वासू असावा.’ खाली, शास्त्रीय कारणे द्या. एकूण सहा, प्रत्येकी पाच गुण.

मी सुट्टीच्या दिवशी मांडी घालून तो पेपर सोडवला. इतकी मजा मला खऱ्या परीक्षेत कधी आली नव्हती. सूर्य काळा पडेल व चंद्र रक्तासारखा होईल: ग्रहण, किंवा ज्वालामुखीची राख हवेत पसरणे. समुद्राचे पाणी लाल होईल: सूक्ष्म शेवाळाची वाढ. आकाशातून तारे गळून पडतील: उल्कावर्षाव, तारे जागेवरच असतात. डोंगर आपल्या ठिकाणाहून हलतील: भूकवचाच्या हालचाली. पाचवा प्रश्न असा होता की दोन साक्षीदार रस्त्यात मरून पडतील, साडेतीन दिवसांनी उठून उभे राहतील, आणि लोक ते पाहतील. मी लिहिलं, ‘ते मेलेले नसावेत. मृत्यूची खात्री करणारा कंपाउंडर शिकाऊ असावा.’

सहावा प्रश्न होता: ‘दोन बहिणी जात्यावर दळत आहेत. एक नाहीशी होते. जाते अजून फिरत आहे. मागे राहिलेलीने शास्त्रीय कारण द्यावे.’ मी लिहिलं, ‘जडत्वामुळे जाते फिरत राहते. बहिणीला पोलिसांनी उचलले असावे. ठाण्यात चौकशी करावी.’

पेपर तपासून परत आला. पहिल्या पाच उत्तरांना पाचपैकी पाच, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. कंपाउंडरच्या शेजारी ‘हसले’ असं लिहिलेलं. सहाव्याला शून्य. खाली लाल शाईत शेरा होता: ‘घाई केलीस. मागे राहिलेलीने आधी हाक मारून बघावी. कारण नंतर.’

मला राग आला. जडत्वाचे तरी दोन गुण द्यायला हवे होते. तसं मी तिला पत्रानं कळवलं. तिचं उलट पत्र आलं, ‘फेरतपासणीचा अर्ज नामंजूर.’ पेपर मी ट्रंकेत टाकला आणि विसरले.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतराचा निर्णय झाला. कुठं गुलाल उधळला, कुठं बंद पुकारले. गाड्या मधूनच सुटायच्या, मधूनच थांबायच्या. अक्काच्या दवाखान्यात दोन्ही बाजूंची डोकी फुटलेली माणसं यायची आणि ती सगळ्यांना टाके घालायची. तिच्या शेवटच्या पत्रात होतं की पोलीस येऊन विचारून गेले, कुणाकुणाला टाके घातले त्यांची नावं सांगा. तिनं सांगितली नव्हती.

त्यानंतर आठवड्याभरात, सकाळी शाळेला निघाले होते. स्टँडसमोरच्या पानवाल्यानं मला हाक मारली. ‘‘बाई, झरीकडून आलेल्या कंडक्टरनं निरोप ठिवलाय. तुमच्या अक्काला सकाळी उचललं म्हणं. परभणीला नेलं.’’

‘‘कुणी?’’

‘‘ते काय म्हणला न्हाई. गाडी निघाली त्याची.’’

मी कंडक्टरच्या परत येण्याची वाट पाहिली नाही. झरीला फोन लागतो का ते पाहिलं नाही. मला कारण सापडलेलं होतं. पत्र, पोलीस, नावं, उचललं, परभणी: सगळं एका ओळीत बसत होतं. मी तशीच घरी फिरले आणि अण्णांना सांगितलं, ‘‘अक्काला पोलिसांनी उचललं.’’

अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं, उठले, खुंटीवरचा कोट घातला. दहा वर्षं ज्या मुलीचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, तिच्याबद्दल ते म्हणाले, ‘‘चल. आणू तिला.’’ आई दारात येऊन उभी राहिली. मी तिला अण्णांकडे बघताना पाहिलं. तिच्या तोंडावर भीती होती आणि आनंदही होता. ‘‘हितंच घेऊन या,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणावं, आईनं बोलावलंय.’’

गाडी मिळेना. एका ट्रकवाल्यानं आम्हाला पुढे बसवलं. अण्णांनी मांडीवर वही ठेवली आणि धक्के खात अर्ज लिहायला घेतला. त्यांचं अक्षर फळ्यावर छापल्यासारखं असायचं, त्या दिवशी ते वाकडंतिकडं उमटत होतं. मी डोकावून वाचलं. ‘सदर बाई ही माझी थोरली मुलगी असून ती माझ्या घरची आहे. तिने ख्रिस्ती धर्म स्वेच्छेने व श्रद्धेने स्वीकारलेला आहे, नोकरीसाठी नव्हे. तिची सर्व जबाबदारी माझी आहे. तिला घेऊन जाण्यास मी स्वतः आलो आहे.’

‘‘अण्णा, पोलिसांला हे कशाला?’’ मी विचारलं.

‘‘असू दे,’’ ते म्हणाले. ‘‘ती वाचंल ना.’’

परभणीत पहिल्या ठाण्यात खूप गर्दी होती. बायका रडत होत्या, माणसं नावं पुकारत होती. आम्ही रांगेत उभे राहिलो. दोन तासांनी कारकुनानं अर्ज घेतला, रजिस्टर चाळलं, आणि अर्जाच्या कडेला लिहून परत दिला: ‘या नावाची व्यक्ती ताब्यात नाही.’ अण्णांना ते खरं वाटेना. मलाही वाटेना. मी त्या कारकुनाशी भांडले. दडवताय तुम्ही तिला, असं म्हणाले. तो बिचारा सारखं रजिस्टर फिरवून मला दाखवत होता.

मग आम्ही दुसऱ्या ठाण्यात गेलो. तिथं पुन्हा रांग. अण्णा उन्हात उभे होते, छातीशी अर्ज. मी म्हणाले, अण्णा सावलीत बसा. ते हलले नाहीत. मला म्हणाले, ‘‘निळ्या फुलाची ती कपबशी, आज गेल्यावर फोडून टाक.’’ मी हो म्हणाले. पुढच्या माणसाकडे बघत ते परत म्हणाले, ‘‘मीच फोडतो.’’

साडेचारच्या सुमाराला एक हवालदार बंदोबस्तावरून परत आला. आमचं बोलणं ऐकून थांबला. ‘‘झरीपल्याडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई का? त्यान्ला कोण धरंल? सकाळी बाजंवर घालून आणलं त्यान्ला गाववाल्यांनी. रस्ता बंद होता, मीच वाट करून दिली. दवाखान्यात हायेत त्या.’’

ज्या दवाखान्यात ती होती तो पहिल्या ठाण्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होता. सकाळी आम्ही त्याच्या समोरून गेलो होतो.

आम्ही पोचलो तेव्हा तिला जाऊन तास झाला होता. कॉटवर पांढरी चादर होती आणि खाली जमिनीवर तिच्या दवाखान्यातली आया बसली होती, जिला अक्का मावशी म्हणायची. अण्णा कॉटपाशी उभे राहिले. त्यांनी चादर काढली नाही. मी काढली.

मावशीनं मला त्या दिवसाचं सगळं सांगितलं, आणि ते मी आजवर रोज ऐकत आले आहे. पहाटे पाणी भरताना अक्काला दम लागला, ओठ काळेनिळे पडले. गाववाल्यांनी तिला बाजेवर घालून उचललं. झरीला कंडक्टर दिसला, त्याला मावशीनं ओरडून सांगितलं, ‘‘मानवतला निरोप द्या, बाईला उचलून नेलंय, परभणीला, दवाखान्यात.’’ गाडीचं इंजिन चालू होतं. कंडक्टरनं ऐकलं, पानवाल्याला सांगितलं, पानवाल्यानं मला. ध चा मा व्हायला याहून जास्त माणसं लागत नाहीत. आणि शेवटचं माणूस मी होते, जिनं उरलेली जागा स्वतः भरली.

अक्का दुपारपर्यंत शुद्धीवर होती. सारखी दाराकडे बघायची. मावशीनं तिला धीर दिला, ‘‘बाई, निरोप धाडलाय. म्हणलं, बाईला उचलून नेलंय.’’

ते ऐकून अक्का हसली.

‘‘मला वाटलं बाईला बरं वाटायलंय,’’ मावशी म्हणाली. ‘‘पर त्या म्हणल्या, उचललं म्हणलीस का मावशे? मग ती ठाण्यात गेली आसंल. जा, ठाण्यात बघ, माझी बहीण आसंल तिथं. मला वाटलं, भ्रमात बडबडायल्यात. उचलायचं, उचलायचं, त्ये आमच्यात प्रार्थनेत म्हणत्यात की. वाटलं, बाईला सरग दिसायलाय. म्या म्हणलं, व्हय बाई, येतील समदे. आन हात धरून बसले. ठाण्यात मी कशी जाऊ ताई, आमच्या वस्तीतलं कोण ठाण्यात जातंय आपल्या पायानं?’’

मी तिला काय बोलणार होते? तिनं अक्काचं बोलणं ऐकलं आणि तिला जे कारण ठाऊक होतं ते दिलं. मीही तेच केलं होतं. फरक इतकाच की ती अक्काचा हात धरून बसली होती.

‘‘वडील येतील का, म्हणून इचारलं त्यांनी,’’ मावशी म्हणाली. ‘‘मग आपल्याआपणच म्हणल्या, येतील. अण्णाला कारण सापडायला उशीर लागतो.’’

अण्णांच्या हातात अर्ज होता. त्यांनी तो उघडला, पुन्हा मिटला आणि कोटाच्या खिशात ठेवला.

तिला तिच्या लोकांनी त्यांच्या रीतीनं पुरलं. पाळकांनी सांगितलं की ती झोपी गेली आहे, तुतारी वाजली की उठेल. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मी वाट पाहत होते की आता ते काहीतरी म्हणतील, निदान पुटपुटतील. परतीच्या गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘झडप जर तेव्हाच बदलली असती तर?’’ आणि स्वतःच म्हणाले, ‘‘ते कारण झालं.’’ घरी आल्यावर ते खिडकीपाशी गेले. कपबशी पालथी होती, दिवाळीपासून तशीच. त्यांनी ती फोडली नाही. त्या दिवसापासून ते तिच्यातूनच चहा प्यायला लागले, विसळून पालथी घालायलाही लागले. दोन-चार दिवसांनी आईही त्याच कपातून प्यायली.

प्रश्नपत्रिकेचं मी त्यांना पंधरा दिवस सांगितलं नव्हतं. एका दुपारी सांगितलं. त्यांनी ती मागितली. मी ट्रंकेतून काढून आणली. अण्णांनी चष्मा लावला आणि एकेक उत्तर बोट ठेवून वाचलं, पूर्वी आमच्या वह्या तपासायचे तसं. ग्रहणापाशी मान हलवली. कंपाउंडरपाशी ओठ हलले, हसू आलं नाही. सहाव्या प्रश्नापाशी बोट थांबलं. ठाण्यात चौकशी करावी, हे माझं उत्तर त्यांनी दोनदा वाचलं. मग खालचा लाल शेरा वाचला.

‘‘जडत्वाचे दोन द्यायला पायजे होते, असं मला वाटलं होतं,’’ मी म्हणाले. मला रडू फुटत होतं आणि मी असलं काहीतरी बोलत होते.

‘‘न्हाई,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तपासलंय बरोबर.’’

त्यांनी कागद घडी घालून आपल्या अर्जाबरोबर माझ्या हातात दिला. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि बाहेर लिंबाकडे तोंड करून त्यांनी अक्काला नावानं हाक मारली. घरातलं, लहानपणचं नाव. दहा वर्षांत पहिल्यांदा. थोडं थांबून आणखी एकदा मारली.

आई आतून धावत आली आणि माझ्याकडे बघायला लागली. हे काय करायलेत, का करायलेत, असं तिला विचारायचं होतं. मी तिला कारण दिलं नाही. मी उठले, अण्णांच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले, आणि मीही हाक मारली.